आमचे व्याही आणि तीन बोटांचे पाय

माणसाला कुणाच्या ना कुणाच्या मागे लागायची खोड असतेच. कुणी पुढाऱ्याच्या मागे लागतं, कुणी बुवाच्या, कुणी बदलीच्या. पण ज्याला हे जग सोडून कोट्यवधी वर्षं झाली आणि ज्याच्याकडून कपभर चहाचीही आशा नाही, अशा जनावराच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस अख्ख्या जळगाव-धुळे जिल्ह्यांत एकच, आणि तो नेमका आमचा व्याही निघावा, हे माझं नशीब. जनावर म्हणजे डायनासोर. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसे व्याही त्याचं नाव घेत नाहीत. नुसतं 'तो' म्हणतात. "काल जरा त्याच्याकडे जाऊन आलो," असं त्यांनी फोनवर सांगितलं की नवखा माणूस 'त्याची' तब्येत विचारतो. मग त्या माणसाचा अर्धा तास गेलाच म्हणून समजावं.

माझी आणि 'त्याची' ओळख मुलाच्या लग्नाआधीची. मुलगी पाहायला आम्ही पारोळ्याहून शिंदखेड्याला गेलो होतो. बरोबर माझी थोरली बहीण, आमची अक्का. दोन्ही गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. पोहे येतील म्हणून आम्ही गादीवर सावरून बसलो, तर व्याही उभे राहिले आणि म्हणाले, "पह्यले पाय देखा, मंग पोर देखा." आम्हाला वाटलं, घरात कुणी सत्पुरुष असतील, नमस्कार करून येऊ. दाराशी जीप उभी होती. तिने आम्हाला शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी नेलं. डांबरी संपली, खडी संपली, मग मातीही संपली आणि एका नाल्याच्या कोरड्या पात्रातून आमची वरात पायी निघाली. अक्का दर वळणावर विचारत होती, "पोर काय जंगलमा ठेयेल शे का काय?" पोर आमच्याच बरोबर, पाण्याचा कॅन घेऊन मागून येत होती. अवघड जागी तिने अक्काचा हात जो धरला तो पार टोकापर्यंत सोडला नाही. अक्काने तिथेच, धोंड्यावर बसून, निकाल दिला, "पोर सोनं शे. बाप येडा शे, पन बापले आपले कोठे नांदाडनं शे?" पोहे त्या दिवशी दिवेलागणीला मिळाले.

पाय मात्र होते. काळ्या खडकाच्या मधोमध राखाडी-पिवळट दगडाचा एक सपाट पट्टा, अंगणाएवढा, आणि त्यावर एकापुढे एक ओळीने उमटलेले ठसे. तीन बोटं पुढे, टाच मागे, एकेक परातीएवढा. व्याहींनी चपला लांब काढून ठेवल्या, आम्हालाही काढायला लावल्या आणि कॅनमधलं पाणी प्रत्येक ठशात ओंजळीने सोडलं. ओले झाल्यावर बोटं उठून दिसायला लागली. "देखा, तोंड शिरपूरकडे शे. बाजारले चालना व्हता तो," व्याही म्हणाले. मी मराठीचा मास्तर. मला दगडातलं काय कळणार? पण पाणी सोडताना ओल्या झालेल्या त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून मी "वा!" म्हणालो. तेवढ्या एका 'वा'च्या बळावर मी त्यांच्या लेखी जाणकार झालो, तो आजतागायत.

हा शोध त्यांना लागला तोही जीपमुळेच. शिंदखेड्यात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, गिऱ्हाइकांत ते 'नाना'. एकदा डोंगराकडच्या पाड्यांवर मक्याचं बियाणं पोचवून येताना जीप तापली, म्हणून ते पाणी शोधत नाल्यात उतरले, आणि पाण्याऐवजी पाय सापडले. त्या दिवसापासून दुकानात बियाणं दुय्यम झालं. शेतकरी विचारायचा, "नाना, बोंडअळी पडनी, काय फवारू?" नाना चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "अरे तो इतला मोठा, तो बी गया. अळी कितला दिन ऱ्हाई?" शेतकरी बिचारा शेजारच्या दुकानात जायचा. विहीणबाई आणि त्यांच्यात तर कायमचा वाद, की तो शाकाहारी होता का मांसाहारी. नानांच्या मते शाकाहारी, कारण दुसऱ्याला खाणारं जनावर इतक्या सावकाश चालत नाही. विहीणबाईंच्या मते सावकाश चालत होता तो जेवून निघाला होता म्हणून.

पण नानांची खरी तळमळ वेगळी होती. ज्याला यातलं कळतं अशा कुणीतरी एकदा यावं, वाकून पाहावं आणि "हो नाना, त्याचेच आहेत," एवढं म्हणावं, बस. पाटी नको, पेपरात फोटो नको, फक्त 'हो' हवं होतं. त्यासाठी त्यांनी कचेऱ्यांचे इतके उंबरे झिजवले की विचारू नका. एका कचेरीत त्यांना विचारलं, जनावर पाळीव होतं की जंगली, म्हणजे अर्ज कुठल्या खात्याकडे पाठवायचा ते ठरवता येईल. दुसरीकडे सांगितलं, आधी गावातल्या चार प्रतिष्ठित लोकांनी पाहिल्याचं सांगू द्या. झालं, नाना प्रतिष्ठितांच्या मागे लागले. पण प्रतिष्ठित माणूस उन्हातान्हात नाला तुडवून खड्डे बघायला कशाला येईल? लग्नात, दहाव्याला, बँकेच्या रांगेत ते निमंत्रणं द्यायचे आणि लोक 'येऊ, येऊ' म्हणत काढता पाय घ्यायचे.

तोड काढली ती विहीणबाईंनी. "पाय देखाले कोन येई? वांगं खावाले बठ्ठा येतीन." आणि खान्देशात याहून खरं वाक्य कुणी बोललेलं नाही. त्या हिवाळ्यात नानांनी पायांपाशी भरिताचा बेत केला आणि माणसं आली! पांढरट-हिरवी, हातभर लांब वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, म्हणजे पऱ्हाट्यांचा भडका, काठवटीत मुसळाखाली ठेचली जाणारी मिरची आणि लसूण, कांद्याची पात आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. डोंगराच्या कुशीत, थंडीत, असलं भरीत मिळणार म्हटल्यावर ज्यांना गुडघेदुखी होती त्यांचीही थांबली. पुढच्या हिवाळ्यात माणसं दुप्पट झाली. डॉक्टर आले, वकील आले, नरडाण्याच्या कारखान्यातले साहेब आले, जावयांचे मित्र आणि मित्रांचे साडू आले. जाळ लावायला तो सपाट दगड नामी होता. तिथे काटा नाही, कचरा नाही, पऱ्हाट्या कशाही रचाव्यात. नाना फार जपायचे. पायांवर जाळ कधी नाही, बाजूला. पण पंगत वाढली तसा जाळही वाढला, आणि बाजू किती ती राहणार!

जेवणं आटोपली की नाना सगळ्यांना हाकारायचे, "वांगं खावाले उनात, ते एक नजर पाय बी देखी ल्या ना भो!" लोक भरल्या पोटी यायचे, आपापला पाय त्या पावलात घालून फोटो काढायचे आणि सतरंजीवर आडवे व्हायचे. मीही त्यातलाच. नाना मग एकटेच घागरी भरून आणायचे आणि सगळा दगड धुऊन काढायचे. पायांत राख राहिलेली त्यांना खपत नसे. निखाऱ्यांवर पाणी पडलं की चर्रर्र आवाज व्हायचा, वाफेचा लोट उठायचा, आणि त्या वाफेत धोतर खोचून उभे असलेले नाना मला फार आवडायचे. आम्ही आडव्या अंगाने त्यांना हसायचो. म्हणायचो, नाना त्याला आंघोळ घालताहेत.

मध्ये एकदा नाना म्हणू लागले की हल्ली पाय अंधुक दिसतात. धुळ्याला जाऊन त्यांनी मोतीबिंदू काढून घेतला. हिरवी पट्टी सुटल्याबरोबर पहिलं जाणं तिकडेच. तरीही अंधुकच. मग त्यांनी डॉक्टरला नावं ठेवली, दुसऱ्या डोळ्याचंही करून घेतलं आणि चष्मा दोनदा बदलला. आम्हाला त्याचं हसू यायचं.

आणि मग गेल्या हिवाळ्यात ती बाई आली. पुण्याहून धुळ्याच्या एका कॉलेजात व्याख्यानाला आलेली, खडकांचाच अभ्यास असलेली. माझा मुलगा तिथे नोकरीला आहे. त्याने सासऱ्यांसाठी भीत भीत विचारलं आणि ती चक्क हो म्हणाली. नानांनी आदल्या दिवशी दाढी केली, धोतराला इस्त्री केली. जीपमध्ये पुढे ती, मागे आम्ही, आणि आमच्या मांड्यांवर पऱ्हाट्यांचा भारा आणि वांग्यांची टोपली. पाहुणी उपाशी जाऊ नये!

तिने बूट न सांगता काढले. तिथेच नाना जिंकले असं मला वाटलं. मग ती गुडघ्यांवर बसली, कुंचल्याने माती झाडली, बोटांनी दगड चाचपला. नाना पाणी सोडत होते. पण पाणी पूर्वीसारखं थांबत नव्हतं, पसरून जात होतं. बराच वेळ गेला. तिने दगडाची एक पातळ खपली उचलली, बोटांत चुरली आणि विचारलं, "नाना, इथे कधी मोठा जाळ झाला होता का?"

"हौ!" नाना अभिमानाने म्हणाले. "दर हिवाळाले. आमनं भरीत आठेच व्हस."

"आणि विझवता कसा?"

"पानी टाकीसन. बठ्ठा दगड मी सोता धोई काढस. पायमा राख नको ना ऱ्हावाले."

तिने हातातला चुरा अलगद खाली ठेवला. मग फार हळू आवाजात, शाळेतल्या लहान मुलाला सांगावं तसं तिने सांगितलं की हा थर मऊ आहे, तापलेल्या दगडावर गार पाणी पडलं की वरचा पापुद्रा सुटतो, एका वेळी कळत नाही, पण दरवर्षी थोडा थोडा जातो. तिचं वाक्य संपायच्या आत नानांना कळलं होतं. त्यांनी कॅन खाली ठेवला. "म्हनजे... मीच?"

"तुम्हाला कसं कळणार होतं, नाना?" ती म्हणाली. "असतीलही ते ठसे. पण आता एवढ्यावरून मला हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. जुने फोटो आहेत का कुणाकडे?"

फोटो! नाना एकदम ताठ झाले. मुलाने फोन काढला, मी काढला. व्हॉट्सॅपवर भरिताच्या मंडळींचा ग्रुपच आहे, त्यात फोटोंचा ढीग. आम्ही ते सगळे उलगडून पाहिले. वांगी भाजताना, वांगी सोलताना, पानावर भरीत, भरितावर तेल, डॉक्टर, वकील, साहेब, साडू. आणि जिथे जिथे ते पाय होते, तिथे तिथे त्यांत कुणाचा ना कुणाचा पाय होता. आमच्या नखांचे आणि टाचांच्या भेगांचे झकास फोटो निघाले. 'त्याचा' एकही नाही. बाईंनी शेवटी माझा फोन मला परत दिला. मला तो खिशात ठेवायचीही लाज वाटली.

नानांनी त्या दिवशी जाळ लावू दिला नाही. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईला वांगी देऊन टाकली, पऱ्हाट्याही दिल्या. पाहुणीला शिरपूरच्या रस्त्यावर धाब्यावर शेवभाजी खाऊ घातली, आग्रह करकरून, आणि निरोप देताना म्हणाले, "इतलं लांब उन्यात, तुमनं काम नही व्हयनं." जणू नुकसान झालं होतं ते तिचंच.

यंदा थंडी पडली तशी मंडळींचे फोन सुरू झाले, 'नाना, भरीत कधी?' नाना सगळ्यांना सांगतात, यंदा वांग्यांना कीड आहे. मला मात्र त्यांनी एकदा बोलावलं. टोपली नाही, सतरंजी नाही, आम्ही दोघंच. पोहे लांबलेल्या त्या दिवसानंतर भरिताची आशा न धरता मी त्या दगडावर पहिल्यांदाच उभा होतो. एका ठिकाणी दोन बोटं आणि तिसऱ्याचा आभास, एवढं काय ते उरलं आहे. नाना कडेला बसले होते, मी त्यांच्याजवळ बसलो. समजूत काढावी म्हणून म्हणालो, "नाना, तुम्ही लोकांना बोलावलं नसतं, तर पाय राहिले असते. पण मग ते पाहिले असते कुणी?"

नानांनी त्या दोन बोटांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तेच तं, सर. मी एकलानीच देखीसन काय मज्या, म्हनीसन बठ्ठासले बलावं. इतला लोके जेवाडा. आन शेवट देखनारा मी एकलाच ऱ्हायनू."

माझ्याकडेही त्यांच्या भरिताचीच चव तेवढी होती. ऊन कललं तसे आम्ही चपला हातात घेऊनच नाल्यातून परत निघालो.