पत्र्याखालची खाट

देवबागात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि वारा दोन्हीकडून. मागच्या वादळात आमची मंगलोरी कौलं उडाली, उरलेली फुटली. तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला. त्याच पावसाळ्यात सासूबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मग त्यांच्या डाव्या हाताशी मी पितळी तांब्या ठेवला. काही हवं झालं की तो लोखंडी खाटेच्या दांड्यावर वाजवायच्या. तोच त्यांचा आवाज. मी अंगणात मासळी वाळत घालत असले तरी ऐकू यायचा, आणि हातातलं टाकून मी धावायचे.

नवं छप्पर घालायची वेळ आली तेव्हा घरात भांडण पेटलं. नवऱ्याला पत्रा हवा होता. शेजारच्या होमस्टेवाल्याने शिंगल घातले होते, डांबरी, खरखरीत, जाड पुठ्ठ्यासारखे. त्याखाली प्लायवूड, म्हणून आत गारवा. मला तेच हवे होते. अहो, वैशाखात पत्र्याखाली धडधाकट माणूस उकडून निघतो, मग जिला कूस बदलता येत नाही तिने काय करायचं? मी शेजाऱ्याकडून शिंगलचा एक तुकडा आणून सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो छातीशी धरला आणि सोडेनात.

नवरा ऐकेल तर शपथ! जन्म होडीवर गेलेला माणूस. म्हणाला, "गो, वाऱ्यात ह्यां माशाच्या खवळांसारख्यां सोलून जातलां. आवशीच्या डोक्यावर छप्पर रवाक होया की नको?"

पत्राच आला. नवऱ्याने तो लोखंडी अँगलला आवळला, वर जुनं जाळं पसरलं आणि जाळ्याचे दोर चारी बाजूंच्या माडांना बांधले, होडी बांधावी तसे. ऊन तापलं तेव्हा मी खाटेभोवती ओल्या चादरी टांगल्या, पत्र्यावर झावळ्या टाकायला लावल्या आणि रोज त्याच्याशी कडाकडा भांडले. उन्हाचा विचार आम्ही केला, वाऱ्याचा केला. पावसाच्या आवाजाचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पावसाळ्याच्या आधीच वादळ आलं, भर दुपारी. सासूबाईंना पेज भरवून मी बाहेर आले, तर शेजारची सगळी माणसं ओलीचिंब होऊन आमच्या पडवीत. त्यांचे शिंगल सोलून खाडीत गेले होते. नवरा म्हणाला होता तस्संच. मी त्यांना टॉवेल दिले, चहा टाकला. पत्र्यावर असा भडिमार चालला होता की कपात साखर किती, हे विचारायलासुद्धा कानाशी ओरडावं लागत होतं. नवरा वर बघत दाराशी उभा होता. त्याचा पत्रा जागचा हलला नाही.

पाऊस ओसरला तशी मी आतल्या खोलीत गेले. सासूबाई खाटेच्या कडेवरून अर्ध्या खाली लोंबत होत्या. तोंडाला पेज आलेली. अंग अजून कोमट होतं, पण जीव नव्हता. तांब्या जमिनीवर पडला होता. त्याला नवे पोचे आले होते, आणि खाटेच्या दांड्याचा हिरवा रंग एका जागी उडून आतलं लोखंड दिसत होतं. देवा, किती वेळ वाजवत होती ती बाई! आणि भिंतीच्या पलीकडे आम्ही चहा पीत होतो.

सुतकात भेटायला आलेली माणसं बसायची आणि वर बघायची. "तुमचो पत्रो काय हललोच नाय हां! खंय गावलो असो?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वाटायचं, एकेकाला हाताला धरून बाहेर काढावं. नवरा खाली मान घालून दुकानाचा पत्ता सांगायचा. त्याचं चुकलं असतं तर मी त्याला चार शिव्या तरी घातल्या असत्या.

आता पाऊस लागला की तो भरल्या ताटावरून उठतो, आतल्या खोलीत डोकावून येतो आणि परत जेवायला बसतो. थोड्या वेळाने पुन्हा उठतो. खाट आम्ही कधीच काढून टाकली.