वजा केलेला फर्मा

मराठी कथा-कादंबऱ्यांमधल्या जितक्या पोरासोरांना आमच्या बाइंडरचाचांनी उपासमारीतून, तापातून आणि सावत्र आईच्या तावडीतून सोडवलं, तितक्यांना कुठल्याही सरकारी योजनेनं सोडवलं नसेल. ते हे सगळं नांदुऱ्यात, स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आठ बाय दहाच्या दुकानात बसून, एक सुई, एक कातर आणि खळीचं एक भांडं एवढ्या सामग्रीवर करत होते. मी इथल्या शाळेत मराठी शिकवतो आणि कुणीच तयार नव्हतं म्हणून सार्वजनिक वाचनालयाचा चिटणीसही आहे. वाचनालयाची फाटकी पुस्तकं चाचांकडे पाठवायची, आणि ती परत का आली नाहीत म्हणून त्यांच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवायच्या, एवढंच काय ते माझं चिटणीसपण.

पुस्तकं वेळेवर येत नसत, कारण चाचा प्रत्येक पुस्तक बांधण्याआधी वाचत. वाचल्याशिवाय शिवणं म्हणजे माप न घेता सदरा शिवणं, असं त्यांचं म्हणणं. बरं, वाचून व्हावं आणि शिवायला घ्यावं, तर तसंही नाही. गोष्टीतलं लेकरू उपाशी झोपलं की चाचा पुस्तक पालथं घालून घरी जेवायला जात आणि दोन घास जास्त खाऊन येत. एकदा मी एका पुस्तकासाठी तिसरी खेप घातली तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "पोट्टं तापानं फणफणून राह्यलं, सर. अशात त्याले शिकंजात दाबू काय?" शिकंजा म्हणजे शिवलेली पुस्तकं आवळून दाबायचा लाकडी सांगाडा. मी सांगितलं की पोराचा ताप शेवटच्या प्रकरणात उतरतो, मी वाचलंय. त्यावर त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि ताप नेमका कोणत्या पानावर उतरतो ते विचारून घेतलं.

एका गोष्टीत एका गरीब मुलाला सायकल हवी असते आणि लेखक ती देतो की नाही हे न सांगताच गोष्ट संपवतो. आम्ही शिक्षक याला सूचक शेवट म्हणतो आणि त्याच्यावर पाच मार्कांचा प्रश्न काढतो. चाचांनी चौकशी केली तेव्हा कळलं की लेखक जवळच्या पिंपळगाव राजा या गावचेच एक निवृत्त गुरुजी आहेत. झालं, दुकान बंद करून चाचा एसटीत बसले. इतक्या वर्षांनी एक वाचक आपलं पुस्तक छातीशी धरून दारात आलेला पाहून गुरुजी हरखून गेले, आणि सही करायला त्यांनी पेनही उघडलं. चाचांनी सही घेतलीच, पण नुसती नाही. कोऱ्या कागदावर 'सदर मुलास पुढे सायकल मिळाली' असं लिहून घेतलं, त्याखाली सही घेतली आणि तो कागद शेवटचं पान म्हणून चिकटवून टाकला. आमच्या वाचनालयातली ती प्रत आजही तशीच आहे, आणि खरं सांगायचं तर मला आता तो शेवट जास्त आवडतो.

त्यांच्याकडे जळगाव जामोदपासूनच्या लोकांच्या पोथ्या येत, कुराणाच्या जुन्या प्रती येत, कॉलेजच्या पोरांची जर्नलं येत. पोथी आणि कुराण ते हात धुऊन, वरच्या फळीवर ठेवून बांधत आणि त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देत नसत. कथा-कादंबरीचं मात्र त्यांचं वेगळं शास्त्र होतं. "हे मानसानं लिवलं हाय, सर. मानसाच्या हातून चूक होते," असं ते एकदा बोलून गेले होते. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी मराठीचा शिक्षक. मला वाटलं, चाचा समीक्षा करतायत.

भांडं फुटलं ते नववीच्या वर्गात. मी पोरांना एक कादंबरी वाचायला दिली होती. तिच्यातली मुलगी आधी भयंकर हट्टी असते, मग दुष्काळ येतो, घोटभर पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालणं येतं, धाकट्या भावाचं आजारपण येतं, आणि त्या सगळ्यातून ती शहाणी होऊन बाहेर पडते. वाचनालयातली एकच प्रत महिनाभर दहा-बारा पोरांच्या हातून फिरली. मग मी प्रश्न दिला, 'नायिकेत बदल कसा घडून आला?' एकानं लिहिलं, 'नवीन फ्रॉक न मिळाल्यामुळे नायिका प्रगल्भ झाली.' दुसऱ्यानं लिहिलं, 'ताट फेकल्याने मुलांना समज येते.' त्यानं स्वतःच्या घरी तसा प्रयोगही केला होता, आणि त्याची आई शाळेत येऊन मला बरंच बोलून गेली. मी सगळ्यांना भोपळा दिला. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी पुस्तक घेऊन टेबलापाशी आली आणि पुस्तकात असंच आहे म्हणाली. मी उघडून पाहिलं. चौसष्टावं पान संपताना मजकूर होता, 'तिने ताट भिंतीवर भिरकावले आणि'. पुढचं पान एक्याऐंशीवं, आणि ते सुरू होत होतं, 'सगळ्यांना पोटभर वाढून मगच ती जेवायला बसली.' मधला अख्खा फर्मा, म्हणजे सोळा पानं, गायब. प्रश्न मी माझ्या लहानपणच्या वाचनावर काढला होता, पुस्तक पुन्हा उघडण्याची तसदी घेतली नव्हती, ही माझी चूक. पण मग मी कपाटच्या कपाट तपासलं. कुठं पोरगं अनाथ होतं आणि पुढच्याच पानावर डॉक्टर. कुठं मुलगी रस्ता चुकते आणि पान उलटताच तिचं लग्न लागतं. आमचे एक ज्येष्ठ सभासद या पुस्तकांबद्दल नेहमी म्हणत की लेखकानं वाचकावर बरंच सोडलंय, त्याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

मी रागातच दुकानात गेलो. चाचांनी काही नाकारलं नाही. उठले, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली आणि हिरव्या कापडात बांधलेलं, चार बोटं जाड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. छापलेला कागद फेकायचा नसतो, म्हणून काढलेले सगळे फर्मे त्यांनी एकत्र शिवले होते. मी चाळलं. एक पोरगा फलाटावर उपाशी बसलेला, सोळा पानांनी एका मुलीला ताप, आणखी सोळा पानांनी एक होडी वादळात सापडलेली, मग सावत्र आई, मग पुन्हा ताप. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणालाही बरं वाटत नाही, असं मराठीतलं ते एकमेव पुस्तक असावं.

हे का केलं ते त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी गेली तेव्हा नात चार वर्षांची होती, ती त्यांच्याकडेच वाढली. दुकानात बसून ती येणारं प्रत्येक पुस्तक वाचायची. आठ वर्षांची असताना एका गोष्टीत मुलीची आई मरते हे तिनं वाचलं आणि दोन दिवस जेवली नाही. तेव्हा चाचांनी पहिला फर्मा काढला. मग हात थांबला नाही. एका पोरीसाठी सगळ्या तालुक्याची पुस्तकं त्यांनी गोड करून टाकली होती. माझा राग तिथंच विरघळायला लागला.

हे चाललेलं असताना ती नात, रुखसार, आतल्या दारात उभी होती. बारावी झालेली, अकोल्याला नर्सिंगला नंबर लागलेला, वसतिगृहात जागा मिळालेली. प्रवेशाची मुदत शनिवारी संपत होती, आणि अर्जावर पालकाची सही हवी होती. ती चाचा आठवडाभर करत नव्हते. तिथल्या वरणाला चव नसेल, तिथं हिला कोण उठवेल, पाय मुरगळला तर काय, अशी त्यांची यादी रोज वाढत होती. घरात त्यांची बोली वेगळी, पण माझ्यासमोर ती शाळेत बोलायची तशी बोलली.

"नाना, थे हिरवं पुस्तक मी दहावीतच वाचलं," ती म्हणाली. चाचांनी वर पाहिलं. "चोरून वाचलं, सगळं. मले रडू नाही आलं, राग आला. थो फलाटावरचा पोट्टा दोन वर्सांपासून तिथंच बसून हाय. त्याची गाडी येते थे पान तुमी दुसऱ्या पुस्तकात ठेवलं. अन् त्या दुसऱ्या पुस्तकातल्या पोट्ट्याले अक्कल कुठून आली थे कोनालेच माईत नाही."

ती अर्ज घेऊन पुढं आली.

"मले बी मधातच बसवून ठेवता काय?"

सही त्या दिवशी झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर चाचा हिरव्या पुस्तकाची शिवण उसवत बसले होते. शनिवारी सकाळी त्यांनी सही केली, आणि बोटाला खळ लागलेली असल्यामुळे अर्जाचा कोपरा त्यांच्या अंगठ्यालाच चिकटून राहिला. रुखसारनं तो इतक्या हळुवारपणे सोडवला की मला दुसरीकडे बघावं लागलं. गाडीत बसवताना सोबत दोन गाद्या, ज्वारीच्या पिठाचा डबा, तीन प्रकारची लोणची, टॉर्च आणि चालू अवस्थेतलं शिवणयंत्र होतं. शिवणयंत्र तिनं फलाटावरूनच परत पाठवलं.

पुढचे चार महिने चाचा एकेक फर्मा आपापल्या पुस्तकात परत शिवत होते. वय झालं, नजर कमी झाली, त्यामुळे एक-दोन पोरांची दुःखं बदलली. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गुराख्याची होडी आता भर समुद्रात उलटते, आणि दुसऱ्या गोष्टीतला कोळ्याचा मुलगा डोंगरात वासरू शोधत फिरतो. मी ते तसंच ठेवलंय. दोघंही शेवटी शहाणे होतात, अडचण काही नाही.

रुखसारचा रोज फोन यायचा. जेवण छान, मैत्रिणी छान, मॅडम छान. ईदला ती घरी आली. चाचांनी मला शिरखुर्म्याला बोलावलं होतं. जी पोरगी भेंडी पाहून ताट सरकवायची तिनं मुकाट्यानं भेंडी खाल्ली, सगळ्यांची भांडी आवरली, शेजारच्या म्हातारीला इंजेक्शन देऊन आली. बोलणं कमी झालेलं, चेहरा उतरलेला, मनगटावर भाजल्याचा एक ताजा डाग. चाचांनी विचारलं तर म्हणाली, काही नाही, सगळं मजेत आहे. दोन दिवसांनी ती परत गेली.

तिला गाडीत बसवून आम्ही दोघं दुकानात आलो. चाचांनी कुलूप काढलं, पण कामाला हात लावला नाही. पोरगी कशी वाटली, असं त्यांनीच मला विचारलं. मी म्हणालो, समजूतदार झाली.

"हाव, झाली ना," चाचा म्हणाले. "पन कशी झाली थे मले नाही सांगत. मधातला फर्मा काढून आनला तिनं माह्यासाठी."

मी म्हणालो, मग नीट बसवून विचारायचं होतं.

"काऊन इचारू? मी नाराज होईन, जेवनार नाही, म्हनून काढला असन थो," असं म्हणून त्यांनी खळीचं भांडं जवळ ओढलं. मग म्हणाले, "आता घरातलं लहान लेकरू मीच हाय, सर."