लाल खडूची फुली

आमच्या शेजारच्या काकांच्या पसंतीला उतरेल अशी वस्तू या पृथ्वीतलावर अजून तयार व्हायची आहे. कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी विजेच्या तारांचे चिनी मातीचे इन्शुलेटर तपासले. टिचकी मारायची, कान लावायचा, आवाज बद्द आला की लाल खडूनं फुली. निवृत्त होऊन इथेच, या हिंदी मुलखात, आनंद नगरात घर बांधलं, पण खडू काही खिशातून गेला नाही. माठ घ्यायला गेले की एकेक माठ इतका वेळ वाजवत, की शेवटी कुंभार विचारी, "बाबूजी, मटका लेना है कि तबला?" आमच्या वास्तुशांतीला जेवून हात धुताना त्यांनी नव्याकोऱ्या बेसिनवर फुली मारली. माझी बायको आठवडाभर धुसफुसत होती. तिसऱ्या महिन्यात बेसिन बरोबर त्या फुलीवर तडकलं. तेव्हापासून ती काकांना दाखवल्याशिवाय कपबशीही घेत नाही.

काकू नागपूरच्या, हसऱ्या. "लग्नात यांच्या खिशात खडू नव्हता म्हणून मी पास झाले," असं म्हणायच्या. रेल्वेच्या प्रवासासाठी त्यांनी हौसेनं हवेची उशी आणली, तर काकांनी ती फुगवून बादलीत बुडवली आणि अर्ध्या तासानं बुचाजवळ एक बारीक बुडबुडा दिसताच फुली मारून भंगारात काढली. काकूंनी ती गुपचूप परत आणून कपाटात ठेवली. त्यांची एक हौस मात्र राहूनच गेली होती. शाहपुऱ्याजवळच्या एका कलादालनात दर हिवाळ्यात काचशिल्पं मांडतात, ती त्यांना बघायची होती. काका दर वर्षी म्हणायचे, "फुंकलेल्या काचेत बुडबुडे राहतातच. सदोष माल बघायला कशाला जायचं?"

या जानेवारीत काकू गेल्या. दुखणं वर्षभर आत वाढत होतं; कळलं तेव्हा जेमतेम पंधरा दिवस हाती उरले होते. "जन्मभर भेगा शोधल्या, घरातली दिसली नाही," एवढंच काका मला म्हणाले.

तेरावं होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "चल, काच बघून येऊ. तिला न्यायचं राहिलं."

दालनात ते मुकाट्यानं फिरले. भोपळ्याएवढ्या एका निळ्या शिल्पापाशी मात्र थांबले. काचेच्या मधोमध लिंबाएवढा बुडबुडा होता. काकांचा हात सवयीनं खिशाकडे गेला, तसं मी घाबरून त्यांचं मनगट धरलं. शिल्प घडवणारी मुलगी शेजारीच उभी होती.

"बबल रह गया है, बेटा," काका तिला म्हणाले.

"रह नहीं गया अंकल, रखा है. मेरी साँस है. फूँकते वक़्त अंदर छोड़ दी."

"निकलेगी नहीं?"

"जब तक काँच है, तब तक नहीं."

काका बाहेर येऊन पायरीवर बसले.

"ती उशी आहे अजून," ते म्हणाले. "दवाखान्यात जाताना तिनंच फुंकून फुगवली. मी फुगवतो म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही पुन्हा तपासत बसाल. तिथून तशीच घरी आणलीय. बुचाला हात लावलेला नाही. पण आज सकाळी पाहिलं, तर निम्मी बसलीय."

काहीतरी धीर द्यायचा म्हणून मी म्हटलं, थंडीनं बसली असेल काका, राहील अजून.

त्यांनी मान हलवली. "नाही राहायची. बुचाशी गळती आहे. मीच पकडली होती."