वाढपीणबाईंनी राखलेलं पान

परबबाईंइतक्या सहज 'नाही' म्हणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आवाज चढवायचा नाही, कारणं लांबवायची नाहीत. डब्याचं झाकण लावावं तसं 'नाही' म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. साकीनाक्याच्या आमच्या ऑफिसात सगळे त्यांना वाढपीण म्हणायचे.

आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळतो. एकाच मशीनचे आतून कप्पे केलेले: एक बिलिंगचा, एक औषधांचा, एक कॅज्युअल्टीचा. एकाची रिकामी ताकद मशीन आपोआप दुसऱ्याला वळवतं. पण आधी कुणाला आणि कमीत कमी किती, हे नियम बाई ठरवायच्या. "मशीन काय गो, सांगशील तसं वाढतं. लाज आपल्याला हवी," म्हणायच्या.

बाई मूळच्या मालवणकडच्या. त्यांच्या घरी सणाला सगळ्यांच्या आधी वाडीचं, म्हणजे देवापितरांचं पान काढून ठेवतात. पोरं भुकेनं रडली तरी त्याला हात लावायचा नाही. कॅज्युअल्टीसाठी बाईंनी तसंच पान काढलं होतं. तेवढी ताकद पडून राहिली तरी चालेल, दुसऱ्या कप्प्यानं उचलायची नाही. त्याला कारण होतं. पूर्वी एका महिनाअखेरीला बिलिंगनं सगळी ताकद ओढून घेतली, आणि नेमक्या त्याच दुपारी बाईंच्या सासूबाई कॅज्युअल्टीत धापा टाकत होत्या. डॉक्टर जुना रिपोर्ट उघडतायत आणि स्क्रीनवर नुसती चकती फिरतेय! म्हातारी वाचली, पण बाई ती चकती विसरल्या नाहीत.

मग नवे साहेब आले. "हे राखीव नुसतं पडून आहे. काढा, बिलिंगला द्या."

"नाही."

"अहो, वापरात नाहीये ना?"

"लागेल त्या दिवशी मागत बसायला वेळ नसतो, साहेब."

"मग दुसऱ्या कुणाकडून करून घेईन."

"घ्या. माझ्या हातून व्हायचं नाही."

मी हळूच त्यांची ओढणी ओढली, "बाई, जाऊ दे ना." तर माझ्यावरच डाफरल्या, "गप रव गो!"

आठवड्याभरात त्यांची चेंबूरला बदली, प्रिंटर सांभाळायला. एवढ्या जाणत्या बाईला प्रिंटर! संतापानं मी निरोपाच्या केकला हात लावला नाही. बाईंनी मात्र मागून घेऊन खाल्ला. "केकवर कसला राग? झकास आहे," म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला बोलावलं. "तू हुशार आहेस. चुटकीसरशी होईल." होणारच होतं. पण तोंडातून निघालं, "नाही." साहेबांनी आमच्या पाटीलला हाक मारली. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तोही नाही म्हणाला. सगळ्यांना धाडायला चेंबूरला प्रिंटर तरी असून असून किती असणार?

महिनाअखेरीला बाईंचा अजून फोन येतो. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही.

"पान आहे ना गो?"

"आहे, बाई."

"मग ठेव फोन. कामाला लाग."