चार बोटं दाब

बशीरमियाँ टेलर शाळेच्या गणवेशाचं माप घेताना आधी मुलाच्या मामाची उंची विचारत.

मला हे माहीत नव्हतं. बदली होऊन जाफराबादच्या शाळेत मराठी शिकवायला आलो, त्याच आठवड्यात पाचवीतल्या माझ्या मुलाला, चिन्मयला घेऊन मी त्यांच्या दुकानात गेलो. दुकानात एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल आणि भिंतीला इतका खाली टांगलेला आरसा होता, की समोर उभं राहिलं तर माणूस फक्त कमरेखालचाच दिसे. बशीरमियाँनी चिन्मयकडे पाहिलंच नाही. मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“सर, तुमच्याकडून काही उमेद न्हाई. लेकराचा मामा किती उंच हाय?”

“सहा फूट. पोलिसात आहे.”

“हां! मंग पाच बोटं दाब ठेवतो.”

दाब म्हणजे पँटच्या मोहरीला आत दुमडून शिवलेलं जादा कापड. बाकीचे शिंपी अंगठ्याएवढा दाब ठेवत; बशीरमियाँ चार बोटं ठेवत, आणि मामा उंच निघाला तर पाच. दर जूनमध्ये मुलं रांगेनं येत, ते एकेक बोट उसवून देत आणि त्याचे पैसे घेत नसत. वरचं कापड धुऊन फिकट झालेलं, नव्यानं सुटलेली पट्टी मात्र गडद निळी. वर्गात हजेरी घेताना मी पायांकडे पाहून सांगू शके, की कोणत्या मुलाची पँट कितव्या वर्षात आहे.

आमच्या खेळाच्या सरांचा या दाबावर राग होता. तालुक्याच्या शर्यतीत आमची मुलं मागे पडतात ती घोट्याशी बांधलेल्या त्या ओझ्यामुळे, असं त्यांचं ठाम मत. ते एकदा दुकानात जाऊन भांडले. बशीरमियाँ शांतपणे म्हणाले, “शर्यत पाच मिन्टांची हाय, सर. पँट धाव्वीपर्यंत जायचीय.”

रविवारी सकाळी मी पुस्तक घेऊन त्यांच्या दुकानात बसू लागलो. पुस्तक फारसं वाचून होत नसे. त्या काळात मला एक वेगळाच नाद लागला होता. वहीच्या शेवटच्या पानावर मी हिशेब मांडत असे: चिन्मयचं इंजिनिअरिंग, घर, आजारपण, म्हातारपण, म्हणजे एका कुटुंबाला एकूण किती लागेल? दर महिन्याला आकडा वाढे. आकडा वाढला की मी एखादी पॉलिसी घेई. मग पॉलिसीचा हप्ता धरून आकडा आणखी वाढे.

एकदा मी तो प्रश्न मोठ्यानं विचारला. समोरच्या कापड दुकानाचे सेठजी तेव्हा कॉलर पालटून घ्यायला आले होते. त्यांचे पणजोबा राजस्थानातून इथं आले, तेव्हापासून अर्धा तालुका त्यांच्याकडचंच कापड नेसतो.

“सात पिढ्यांना पुरेल इतकं पाहिजे,” सेठजी म्हणाले.

बशीरमियाँनी ओठांतली टाचणी काढली. “शेटजी, सातव्या पिढीचं माप कुणी घेतलं?”

“माप कशाला घ्यायचं? जास्त असलं की झालं.”

“लांब पँट घालून पडलेला माणूस तुम्ही पाह्यला न्हाई का?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हे पाहा सर. अंगाला पुरंल एवढं, आन् वर चार बोटं दाब. लेकराची वाढ थांबंपर्यंत तो पुरला पाह्यजे. त्याच्यानंतर उरला, तर त्याला दाब म्हणत न्हाईत. ते नुसतं वजन.”

“आणि माझा आकडा?”

“तुमचं लेकरू वाढून राह्यलं, पण तुमचा आकडा त्याच्यापेक्षा जल्दी वाढून राह्यला.”

त्याच महिन्यात मी जालन्यात दुसरा प्लॉट घेतला होता. ते मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांना एकच मुलगी, नसीम. बारावीला होती आणि तिला फार्मसी शिकायची होती. सेठजींनी विचारलं, “मास्टर, पोरीसाठी किती दाब आहे?” तर बशीरमियाँ नुसतं म्हणाले, “हाय.” कुठे आहे ते बोलले नाहीत. बँकेत नक्कीच नव्हता. बँकेवर त्यांचा राग नव्हता, पण पासबुकावर होता. “पासबुकात पैसा दिसतो. दिसला की नसीमच्या अम्मीला फ्रिज आठवतो आन् मला मशीनची मोटार आठवती.”

बशीरमियाँची दुसरी कीर्ती म्हणजे एक शेरवानी. स्वतःच्या लग्नासाठी शिवलेली, बदामी रंगाची. तिलाही त्यांनी सगळीकडून दाब ठेवला होता, त्यामुळे ती कुठल्याही नवरदेवाला बसवता येई. जाफराबाद, भोकरदन, धावडा, पार शहागडपर्यंत ज्यांना ज्यांना शेरवानी परवडत नसे, त्यांची लग्नं तिच्यातच लागत. भाडं नाही. अटी दोन: धुवायची नाही, आणि बशीरमियाँना लग्नाला बोलवायचं. ते जात, पहिल्या रांगेत बसत आणि नवरदेवावरून नजर हटवत नसत. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला लग्नांची हौस आहे.

त्या शेरवानीत कुणीही रुबाबदार दिसे. हमाली करणारा पोरगासुद्धा ताठ छातीनं बसे. मात्र दरवर्षी नवरदेव जरा जास्तच ताठ होत चालले होते. शहागडच्या नवरदेवाला तर जेवताना ताटापर्यंत वाकता येईना. त्याच्या भावानं त्याला घास भरवले.

मग एका शनिवारी नसीमचं नाव जालन्याच्या कॉलेजच्या यादीत लागलं. फी भरायची मुदत सोमवार. चिन्मयची गुणपत्रिका मी जपतो तशी ती यादी हातात धरून बशीरमियाँ माझ्या घरी आले. चेहरा पांढरा पडला होता.

“सर, पैसे धावड्याला गेले.”

“कुणाला दिले?”

“दिले न्हाईत. पैसे लग्नाला गेले.”

तेव्हा मला सगळं कळलं. इतर शिंपी शेरवानीच्या छातीत ताठपणासाठी बकरम घालतात. बशीरमियाँनी नोटा घातल्या होत्या. चार वर्षांच्या शिक्षणासाठी चार जागा केल्या होत्या: डाव्या छातीत पहिलं वर्ष, उजव्या छातीत दुसरं, पाठीत तिसरं आणि कॉलरमध्ये चौथं.

“पण चाचा, लोकांच्या अंगावर?”

“घरात ठेवले की घरची नड दिसती. नवरदेवाच्या अंगावर कोण हात घालतो, सांगा? शंभर माणसं पाहून राह्यलेली असतात.”

मी म्हणालो, “मी भरतो फी. शेरवानी येईल तेव्हा द्या.”

त्यांनी मान हलवली. “तुमचा दाब तुमच्या लेकराचा हाय, सर. दुसऱ्याची पँट उसवून आपली लांब करत न्हाईत. तुम्ही फक्त संग चला.”

रविवारी सकाळी आम्ही दोन जीप बदलून धावड्याला पोचलो. निकाह लागून वरात लगेच दुसऱ्या गावी निघणार होती, आणि शेरवानी परत यायला चार दिवस लागले असते. नवरदेव चेहऱ्यावर फुलांचा सेहरा घेऊन स्टेजवर बसला होता. त्याला उठवणं शक्य नव्हतं, आणि शेरवानीत पैसे आहेत हे भर मांडवात सांगणं तर त्याहून अशक्य.

बशीरमियाँ सरळ स्टेजवर चढले. “शिवण उसवली हाय,” असं जाहीर करून नवरदेवाच्या डाव्या हाताला बसले आणि खिशातून ब्लेड काढलं. माझ्या हातात शाल दिली. “सर, आडवी धरा.” आयुष्यात पहिल्यांदाच मी शंभर माणसांसमोर उभा राहून काहीच बोललो नाही.

“चाचा, गुदगुल्या होऊन राह्यल्या,” सेहऱ्याआडून आवाज आला.

“हलू नको बेटा. अल्लाची शप्पथ, बिलकुल हलू नको.”

काझीसाहेबांनी घसा साफ केला, तेवढ्यात ब्लेड बरगडीजवळ गेलं असावं. नवरदेव अर्धा हात वर उडाला आणि ओरडला, “कबूल है! कबूल है!”

“सब्र करो मियाँ,” काझीसाहेब म्हणाले, “अभी मैंने पूछा नहीं।”

नवरदेवाची आई धावत आली. “अजी मास्टर, क्या करतैं? दूल्हे का कलेजा निकालतैं क्या?”

“कलेजाच हाय, बीबी,” बशीरमियाँ खाली मान घालून म्हणाले, “पण माझा.”

पुडकं शालीआडून माझ्या पिशवीत पडलं. त्यांनी चार टाके घालून अस्तर बंद केलं. मात्र आता उजवी बाजू ताठ आणि डावी मऊ, त्यामुळे नवरदेव डावीकडे कलला. लग्नाच्या सगळ्या फोटोंत तो तसाच आहे. फोटोला नवरी डावीकडेच बसली होती, म्हणून पोराचं बायकोवर पहिल्या दिवसापासून प्रेम आहे, असं धावड्यात अजूनही म्हणतात.

सोमवारी जालन्याच्या कॉलेजात कारकून त्या नोटा मोजत बसला. इतक्या छात्यांवर राहून त्यांना बाक आला होता. दाबून सपाट केल्या की पुन्हा कमान होई. त्यांना अत्तराचा वास येत होता. कारकुनानं एक नोट हुंगली, आमच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं पावती फाडली.

पुढच्या तीन वर्षांत नवरदेव मऊ होत गेले. आधी उजवीकडून, मग पाठीत. शेवटच्या वर्षी नुसती मान ताठ राही. मग तीही वाकू लागली.

बशीरमियाँ गेल्या महिन्यात गेले, दुपारी, मशीनवर बसल्या बसल्या. मशीनमध्ये एका पाचवीतल्या मुलाची पँट होती, एका पायाचा दाब घालायचा राहिलेली. नसीम आता जालन्याच्या एका दवाखान्यात औषधं देते. ती आली. भेटायला येणारे येत होते, आणि ती त्यांच्याशी बोलत बोलत तो दाब घालत होती. चार बोटं मोजून.

सेठजी हलक्या आवाजात म्हणाले, “बेटी, मास्टरनी मागं काही ठेवलं का?”

नसीमनं खुंटीवरची शेरवानी काढून त्यांच्या हातात दिली. ती ओल्या टॉवेलसारखी दोन्हीकडून लोंबली. सेठजींनी कापडवाल्याच्या सवयीनं छाती चाचपली, पाठ चाचपली, कॉलर बोटांत धरून पाहिली.

“काही न्हाई, काका,” ती म्हणाली. “बराबर पुरलं.”

घरी येऊन मी कपाट उघडलं. चिन्मयची ती पाच बोटं दाबाची, दहावीपर्यंत गेलेली पँट मी ठेवली आहे. तो मामावर गेला नाही. माझ्यावर गेला, पाच फूट पाच इंच. “पोलिसाच्या भरवशावर चुकलो,” असं बशीरमियाँ तेव्हा म्हणाले होते. चिन्मय आता पुण्यात असतो आणि जालन्याचे दोन्ही प्लॉट विकून टाका, म्हणून फोन करतो. पँटची मोहरी मी थोडी उलटून पाहिली. आतलं कापड निळंशार होतं, ऊन न लागलेलं. बोटं लावून मोजलं. दोन बोटं उरली होती.

पँट हातावर तोलून पाहिली. एवढी वर्षं झाली, खालची बाजू अजून जड लागते.