फ्यूजच्या जागी मोटी तार

फ्यूज उडाला की आमच्या घरात सगळ्यांनाच अक्कल फुटते. अँप्लिफायर मी बांधलेला, त्याचा पॉवर सप्लाय माझा, डोकं खराब होणार माझं, आणि सल्ले द्यायला अख्खी गल्ली हजर.

"मॅडम, मोटी तार टाकून देतो ना. जिंदगीभर उडणार नाही," गल्लीतला इलेक्ट्रिशियन म्हणाला. तो आला होता कुलरचा पंप बघायला, त्याला कोणी विचारलंही नव्हतं. आणि बाबांनी लगेच मान डोलावली! कुत्रं भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधायचं आणि चोराला आत घ्यायचं, असला हा प्रकार. फ्यूज जळतो तो घर जळू नये म्हणून. पण सांगणार कोणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

बाबांनी तर शेवटचं बजावलं होतं. "आणखी एक डाव उडाला ना, तं हे भंगार हॉलमधून उचलायचं. काहून वं एवढा जीव जाळून राहिली? बाजारातून चांगला स्पीकर आणतो मी."

भंगार! ऑफिसातून दमून आल्यावर महिनोन्महिने सोल्डरिंग करत बसले होते मी. त्याची जागा हॉलमध्येच, हे मी ठरवून टाकलं होतं.

बरं, दोष सापडेल तर शपथ. टेबलावर घेऊन झाकण काढलं की ते शहाण्या बाळासारखं चालायचं. रेक्टिफायर तपासला, कपॅसिटर उलटे तर जोडले नाहीत ना ते पाहिलं, बल्ब सिरीजमध्ये लावून पाहिला. सगळं ठीक. ट्रान्सफॉर्मर घेऊन भर उन्हात सदरच्या बाजारात गेले, तर दुकानदार तो तपासून, माझ्याकडे न बघताच म्हणाला, "माल ओके है, मॅडम. घर में कोई इंजिनिअर हो तो उनको भेजो." अहो, आमच्या घरातली इंजिनिअर मीच! संतापानं माझे कान तापले.

घरी येऊन सगळं पुन्हा जोडलं, झाकण कसलं, हॉलमधल्या शेल्फवर ठेवलं. संध्याकाळभर मस्त वाजलं. सकाळी बटण दाबलं, आणि फट्!

"उडाला ना?" बाबा पेपरमागून म्हणाले. "उचल मंग."

मी तिथेच बसकण मारली, आणि पहिल्यांदाच त्या डब्याकडे नीट पाहिलं. आमच्या घरात कुठलंही यंत्र उघडं राहत नाही. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, सगळ्यांवर आईनं विणलेलं क्रोशाचं कव्हर आणि कव्हरवर काहीतरी शोभेचं. इतक्या वर्षांत ते दिसणंच बंद झालं होतं. अँप्लिफायरवरही कव्हर होतं, आणि त्यावर बाबांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं पितळी सन्मानचिन्ह, संगमरवरी बैठकीसकट वरवंट्याएवढं जड. दर वेळी मीच ते उचलून बाजूला ठेवत असणार, पण पाहिलं कधीच नव्हतं. डबा कुलर बनवणाऱ्याकडून करून घेतलेला, पत्रा पातळ. झाकण मधोमध दबलं होतं.

झाकण उघडलं. ट्रान्सफॉर्मर मेदूवड्यासारखा गोल, त्याच्या भोकातून तळाशी कसलेला बोल्ट. झाकणाच्या आतल्या बाजूला, बरोबर बोल्टच्या टोकावर, रंग खरवडला गेला होता. वजनानं दबून झाकण तिथे टेकलं की बोल्ट, झाकण आणि डबा मिळून ट्रान्सफॉर्मरला तारेच्या जादा वेढ्यासारखा एक पुरा, बंद वेढा पडतो. म्हणजे शॉर्टच. फ्यूज उडणार नाही तर काय करणार!

"आई!" मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. "ते सन्मानचिन्ह झाकणावर कोण ठेवतं?"

"तुह्या बाबायनं ठेवलं वं," आई पोळी लाटता लाटता म्हणाली. "तू दुरुस्त करून वर ठेवलं का ते आणून ठेवतात. शोकेसमधून काढलं त्यायनं. परवा शेजारचे काका आले, तं त्यायले दाखवून राहिले होते. वरचं माह्यं, म्हणे, अन् खालचं माह्या पोरीनं बनवलं."

माझे डोळे भरून आले, पण राग काही जाईना. पाहुण्यांपुढे 'माह्या पोरीनं', आणि माझ्यापुढे भंगार! तोंडावर सांगायला यांची जीभ झिजत होती का?

करवतीनं बोल्टचं टोक कापलं, त्यावर रबर चिकटवलं, झाकण लावलं, नवा फ्यूज घातला. ते सन्मानचिन्ह होतं तिथेच आदळून ठेवलं आणि बटण दाबलं. गाणं सुरू झालं.

"आता उडणार नाही," मी बाबांना ऐकवलं.

"मी तं पहिलेपासून सांगून राहिलो, मोटी तार टाक म्हणून," ते म्हणाले, आणि उठून वाकडं बसलेलं ते सन्मानचिन्ह त्यांनी हळूच सरळ केलं.