मूळपुरुषाचा रंग

आमची वाडी एका हबशी खलाशाने वसवली. गलबत फुटलं, तो पोहत किनाऱ्याला लागला, मागून त्याचे सोबती आले, आणि इथल्याच बायका करून इथेच राहिले. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी कबूल करत नाही. अर्ध्या वाडीचे केस असे कुरळे की फणीचे दात मोडतात. विचारलं तर म्हणतात, खाऱ्या वाऱ्यान झाले! पण वडाखालच्या त्याच्या पाषाणाला राखणदार म्हणून दरवर्षी नारळ आणि विडी द्यायला सगळे पुढे.

तारकर्लीला येतात तसे पर्यटक आपल्याकडेही यावेत म्हणून वाडीच्या मंडळाने त्याचा पुतळा करायला घेतला. गणपती करणाऱ्या मूर्तिकाराने केलेलं ते ध्यान बघून माझं डोकंच फिरलं. गोरापान, डोक्याला फेटा, हातात तलवार! अरे, खलाशी तो, तलवारीने काय बांगडे कापत होता?

माझी आत्या तर तिथेच रडली. वाडीत सगळ्यांत काळी ती. जन्मभर तिला 'हबशीण' म्हणून चिडवलं, बघायला आलेले चहा पिऊन परत गेले. अजूनही तोंडाला पावडर थापल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे.

"एकच माणूस माझ्यासारखो होतो," ती म्हणाली, "तेकाव ह्येंनी पावडर लावल्यानी!"

मी मंडळाशी भांडलो. उपयोग शून्य. "काळो पुतळो बघूक कोण येतलो?" असं अध्यक्ष म्हणाले. त्यांचे स्वतःचे केस टोपीत मावत नव्हते.

राखणदारापुढे गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या वडिलांचा. त्यांनी एकेक मागणं मोठ्याने म्हणायचं आणि वाडीने "व्हय म्हाराजा!" म्हणून होकार भरायचा. तिथे भरलेला होकार फिरवायची कुणाची छाती नाही. आत्याने गाऱ्हाण्याच्या आदल्या दिवशी भावाला बजावलं, "उद्या नीट बोल, नायतर माझ्या हातचो बांगड्याचो तिकलो विसर." त्या झणझणीत कालवणावर वडिलांचा जीव.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी हात जोडून उभी. वडिलांनी सूर लावला.

"रे म्हाराजा, होड्यो सुखान परत हाड!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरांक बरी बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!"

"तू काळो होतंस, कुरळ्या केसांचो होतंस, तसोच हयसर उभो रव!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज अध्यक्षांचा. मग त्यांचं तोंड जे उघडं राहिलं ते राहिलंच.

मूर्तिकाराकडे तेवढा काळा रंग नव्हता, म्हणून होडीला लावायचा आणला. तलवार काढून हातात वल्हं दिलं. फेटा काढला तर खाली केसच केलेले नव्हते, ते नव्याने करावे लागले.

रंग वाळल्यावर आत्या नारळ घेऊन आली. पुतळ्याकडे बघतच राहिली. "आता माका हबशीण म्हणतले," ती त्याला म्हणाली, "तर तेंका आधी तुझ्या पायाक हात लावचो लागतलो." मला हसू आलं आणि डोळेही भरले. त्या दिवशी तिने पावडर लावली नव्हती.